ताटांवरची नावं

प्रवचनाचा तिसरा मुद्दा अजून अर्ध्यावर असतो
आणि तर्रीचा वास मागच्या दारानं आत येऊन
शेवटच्या बाकावर बसतो.
पाळकसाहेब घड्याळाकडे बघत नाहीत,
नाकानं समजतात.

कपाटाची किल्ली माझ्याकडे.
एकशे बारा ताटं, स्टीलची, सव्वीस वर्षं मोजतेय.
दोन कमी भरतात.
ती कुणाच्या घरी आहेत मला ठाऊक आहे,
मी बोलत नाही.
प्रत्येकाच्या मधोमध टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सत्वशीला रणभिसे यांच्या स्मरणार्थ.
चिरंजीव इम्मानुएल, वय नऊ.
बेन्यामिन वाघचौरे, मंडळीचे वडील.
आमच्याकडे मेलेली माणसं
इतवारीच्या भांडेवाल्याकडून परत येतात.

डिसेंबरचं ऊन अंगणात, त्यात म्हातारे आधी बसतात.
मग सतरंज्यांवर बाकी सगळे,
हाडांचे डॉक्टर, त्यांच्या मांडीला मांडी लावून
टायरांचे पंक्चर काढणारा शद्रख.
वडाभात येतो, त्यावर हिंगाचं कडकडीत तेल,
मागून मटणाची बादली घेऊन मार्थाबाई,
"घे ना जी, लाजतं काहून? देवाच्या घरी लाजतेत का?"

आत, प्रभूच्या मेजाशी,
बोटभर पाव, घोटभर रस,
कुणी कुणाच्या हाताकडे बघत नाही.
इथं सगळे बघतात
नळी कुणाच्या ताटात पडली.

भात नाव झाकून टाकतो.
खाता खाता ते वर येतं,
आधी नुसतं 'र्थ', मग एखादी वेलांटी,
बोटानं रस्सा पुसून घेतला की अख्खं माणूस.

गेल्या रविवारी मी सगळ्यांत शेवटी बसले
आणि कपाटात एकच ताट उरलं होतं.
हनोख साळवी.
छताच्या पत्र्यांच्या हिशोबावरून
भर सभेत यांनी माझ्या बापाला चोर म्हटलं होतं.
त्यानंतर अकरा वर्षं बाबा देवळात आले नाहीत.
म्हणजे यायचे,
बाहेर निंबाखाली बसून खिडकीतून उपासना ऐकायचे,
आमेन म्हणायचे, पण हळू.
पंगतीला कधी बसले नाहीत.
त्यांच्या नावाचं ताट आम्ही दिलंच नाही कधी.

पत्रावळ मागावी म्हटलं.
तेवढ्यात मार्थाबाईनं भात ओतलासुद्धा.

शेजारी लालरिनपुई, मेडिकलला नर्सिंग शिकते,
ऐझॉलची, पर्समध्ये स्वतःची मिरची बाळगते.
माझ्या ताटातली अक्षरं एकेक जुळवत तिनं विचारलं,
"ताई, हे कोण होते?"

तोंडात घास होता. बरं झालं.
घास गिळेपर्यंत आठवलं,
दर जेवणाला हा माणूस
एक ताट वाढून निंबाखाली पाठवायचा.
न्यायची मी, फ्रॉक सावरत, रस्सा न सांडता.
बाबा ताटाकडे न बघता म्हणायचे, "ने परत."
मी परत आणायची. तो काही विचारायचा नाही.
पुढच्या वेळी पुन्हा वाढायचा.
एकदा मात्र बाबांनी
नळी तेवढी ठेवून घेतली.
रिकाम्या जागेकडे बघून हनोखकाका
किती वेळ हातातला डाव खाली ठेवायचं विसरले होते.

"वाढायचे छान," मी म्हटलं.
तिनं मान हलवली आणि अर्धी मिरची
मोडून माझ्या भातावर ठेवली.

ताटं घासली, पालथी घातली, मोजली.
एकशे दहा.
पुढच्या वर्षीपासून थर्माकोल आणू म्हणतेय कमिटी,
पाणी वाचतं, बायकांचे हात वाचतात.
असेलही.

मंगळवारी इतवारीत गेले.
भांडेवाल्यानं सुई लावली, विचारलं,
नाव सांगा. नथानियल दुपारे.
हुद्दा?
हुद्दा नको, म्हटलं. खाली लिहा, 'निंबाखाली'.
त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.
"अक्षराचे दोन रुपये पडतीन, बाई.
अनुस्वार फुकट."